'फाइन ट्यून करणं' याला मराठीत एकच असं क्रियापद आहे का?

बटणवाली:
तानपुरा-तबला लावायला मदत करणाऱ्या एका अ‍ॅपचं मराठीकरण करतेय. त्यात शेजारी शेजारी दोन बटणं आहेत, एक ट्यून आणि दुसरं फाइन ट्यून. पहिल्यावर सरळ 'लावा' लिहिलं, कुणीच हरकत घेतली नाही. दुसऱ्यावर 'सूक्ष्म समायोजन करा' लिहिलं तर एक तर ते बटणात मावेना आणि वर काकूला दाखवलं (ती गाते) तर म्हणाली हे काय सरकारी परिपत्रक आहे का. मग 'बारीक लावा' सुचलं पण ते वाचून मला गॅसच आठवतो, दूध उतू जायच्या आधीचा. तुम्ही लोक प्रत्यक्षात काय म्हणता? आणि नसेलच शब्द तर तसं सांगा, इंग्रजीच ठेवते.

खुंटीपिळू:
अगं काकूलाच विचारायचंस की, घरात गंगा असून इकडे कुठे आलीस :) आमच्या क्लासात 'लावणे' आणि 'मिळवणे' दोन्ही चालतं आणि बरेच जण एकाच अर्थाने वापरतात, पण आमच्या बाई बोलतात तेव्हा थोडा फरक असतो. 'तंबोरा लाव' म्हणजे खुंट्या पिळून पंचम, मधल्या दोन जोडीच्या तारा आणि खर्ज जागेवर आण. आणि मग 'आता मिळव' म्हणाल्या की खुंटीला हात लावायचा नाही, घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खाली तारांमध्ये जे मणी असतात ते सरकवायचे, खाली लंगोटाकडे (जिथे तारा बांधलेल्या असतात) नेला की सूर किंचित चढतो, वर घोडीकडे आणला की उतरतो. खुंटी जराशी जास्त फिरली की तार एकदम कुठल्या कुठे जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, मण्याला ती भीती नाही. आणि हो, कुणीतरी 'जवारी' सुचवेल तर घालू नकोस, ती वेगळी. तारेखाली दोरा सरकवून तो झंकार उघडायचा असतो, त्यात सूर चढवायचा-उतरवायचा नसतो.

सोळा_घरं:
तबल्याचंही तेच. गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकले की मोठा फरक पडतो, मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेची वेणी) हलकी हातोडी, वरून मारली की चढतो, खालून मारली की उतरतो. गजऱ्याभोवतीची सोळाही घरं एका सुरात यायला पाहिजेत, पंधरा आली आणि एक नाही तरी कानाला टोचतं. या शेवटच्या कामाला आम्ही 'मिळवणे'च म्हणतो. तबला मिळाला का रे, हाच प्रश्न असतो. बरं मिळवून ठेवला तरी राहतो थोडाच, स्टेजवरचे दिवे तापले की चढतो आणि दमट हवेत उतरतो, मग आहेच मधेमधे टकटक.

सूतभर:
मी गाण्यातला नाही पण विषय बघून राहवलं नाही. वडील सुतारकाम करायचे. त्यांच्याकडे यासाठी वेगळं क्रियापदच नव्हतं, बारीकपणा सगळा मापात असायचा. दार पावसाळ्यात फुगून अडकलं की 'सूतभर घे', म्हणजे रंधा मारून इंचाचा आठवा भाग कमी कर. त्याहून कमी हवं असेल तर 'केसभर'. क्रियापद आपलं साधंच, घे, सोड, सरकव. सायकलवाला चाक वाकडं फिरत असेल तर 'आउट काढतो', एकेक तार पाव आटा पिळत. म्हणजे मला वाटतं आपण क्रियापद बारीक करत बसत नाही, त्याच्या आधीचा शब्द बारीक करतो. 'जरा', 'किंचित', 'अंमळ' हे सगळे त्याच कामाचे.

कट्ट्यावरचा:
वरचं पटलं, पण अजून एक गंमत बघा. लावणे-लागणे, मिळवणे-मिळणे, जुळवणे-जुळणे, बसवणे-बसणे, जमवणे-जमणे. आपल्याकडे या प्रकारचं जवळजवळ प्रत्येक क्रियापद जोडीने येतं. खटपट आपण करायची तोवर पहिलं, आणि काम झालं की दुसरं. तंबोरा मी अर्धा तास 'लावला', पण शेवटी तो 'लागला'. दार 'बसवलं' पण पावसाळ्यानंतरच नीट 'बसलं'. मी लावला असं म्हणून गवय्याचं समाधान होत नाही, लागला का ते महत्त्वाचं. इंग्रजी बटणात हा दुसरा भाग नाहीच.

पायथॉनपंत:
आमच्या धंद्यात एआयचं मॉडेल फाइनट्यून करतात, तिथे यातला एकही शब्द बसत नाही. तयार मॉडेलला ठराविक विषयाचा डेटा पुन्हा पुन्हा देऊन पक्कं करायचं असतं, मी टीममध्ये गमतीने 'घोटवून घेणे' म्हणतो, पाढे घोटवतात तसं. कुणी अजून मनावर घेतलेलं नाही. आणि लेख, कोड वगैरेवर आपण 'शेवटचा हात फिरवतो', तोही फाइन ट्यूनच की.

बटणवाली:
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. काकूला विचारलं, ती म्हणाली 'मिळवा' बरोबर आहे. पण नुसतं 'मिळवा' बटणावर टाकून बघितलं तर बक्षीस मिळवा, सवलत मिळवा असलं काहीतरी वाटतं हो! 'जुळवा' केलं तर भावाने विचारलं पत्रिका का. शेवटी 'सूर मिळवा' केलंय, ते मावतं पण. आणि कट्ट्यावरच्यांमुळे अजून एक बदलायचं ठरवलं, काटा मधोमध येऊन हिरवा झाला की आत्ता 'समायोजन पूर्ण' दिसतं, तिथे 'लागला' टाकणार होते. मग लक्षात आलं तानपुरा लागला, तबला लागला, पण सतार लागली. म्हणून तिथे 'सूर लागला'. उद्या पाठवते, बघू काय म्हणतात.