घरच्या व्हिडिओसाठी फुकटातलं काय वापरता?

भाचीच्या बारशाचे तुकडे जोडायचेत, एवढंच काम. मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2017 मध्ये मूव्ही मेकर बंद केल्यापासून मी चाचपडतोय. स्वतः वापरलेलं असेल तेच सांगा. – शहापूरकर

वडगावहून: शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक मोबाईलवर घेतली होती, चाळीसेक तुकडे. शॉटकट नावाच्या व्हिडिओ जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडले. फुकट, वर कुठला शिक्का नाही. पण बघायला बसलो तर शेवटी शेवटी ढोल आधी वाजतोय आणि टिपरू मागनं पडतंय! दोन रात्री गेल्या. कारण असं की, मोबाईल दर सेकंदाला तेवढ्याच फ्रेम (म्हणजे सुटी चित्रं) घेत नाही, उजेड कमी झाला की त्याही कमी होतात. शॉटकट अशी फाईल उघडताना 'कन्व्हर्ट करू का' असं विचारतं आणि मी शहाणा दर वेळी 'नको' म्हणत होतो. 'हो' म्हटल्यावर ढोल जाग्यावर आला. फाईली मात्र भरपूर फुगतात, डिस्क रिकामी ठेवा.

खानापूर: आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, लॅपटॉपची बॅटरी मेलेली. मी केडेनलाईव्ह वापरतो, तेही असलंच फुकट सॉफ्टवेअर. लाईट गेल्यावर ते परत उघडलं की अर्धवट राहिलेलं काम आणू का म्हणून विचारतं. 4 जीबी रॅमवर मूळ व्हिडिओ अडकत होता. त्यात 'प्रॉक्सी' चालू केलं की हलकी प्रत बनते, काम तिच्यावर करायचं, शेवटी निघतं ते मूळ दर्जाचंच.

निपाणीची सून: माझी फजिती ऐका. लग्नाचा व्हिडिओ म्हणून मामांना पेनड्राईव्हवर प्रोजेक्ट फाईल दिली. टीव्हीवर काहीच दिसेना! त्या फाईलीत नुसती यादी असते, कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत घ्यायचा त्याची. काही केबींची फाईल बघून तरी कळायला हवं होतं. एक्सपोर्ट करून एमपी4 द्यायचा असतो.

गोकाकचा जावई: नावं मराठीत आणि कन्नडमध्येही हवी होती. मोबाईलच्या ॲपने 'लग्न'चा पाय मोडला. शॉटकटमध्ये नोटोचे दोन्ही लिपींचे फॉन्ट घातले, जोडाक्षरं नीट आली.

टिळकवाडी: पुतण्याच्या सांगण्यावरून डाविंची रिझॉल्व्ह घातलं. रंगाचं काम झकास, पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या लॅपटॉपने हात टेकले. नुसतं पुढचं-मागचं कापायचं तर लॉसलेसकट बघा, पुन्हा एन्कोड करत (म्हणजे अख्खा व्हिडिओ नव्यानं बनवत) नसल्यानं क्षणात होतं. कापताना सुरुवातीला थोडं जास्तीचं येतं कधी कधी.

शहापूरकर: शॉटकट घेतलंय. कन्व्हर्टला लावून जेवायला बसतो.