मदत हवी आहे: खाणं ठीक, तरी अंगावरचं मांस झडतंय (कॅशेक्सिया)

मंडळी, सासऱ्यांना (वय ६७) स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, केमो सुरू आहे. वजन ६८ वरून ६० किलोवर आलंय. खाणं अगदीच सुटलंय असंही नाही. दोन फुलके, वाटीभर मुगाचं वरण, संध्याकाळी अंडं, एवढं जातं. तरी दंड-मांड्या उतरतच चालल्यात. पट्टा शेवटच्या भोकात लावला तरी घड्याळ कोपरापर्यंत सरकतं, खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. डॉक्टर म्हणाले, हा कॅशेक्सिया, आजाराचाच भाग. त्यापुढे बोलायला ओपीडीत वेळ नसतो. घरी येणारा प्रत्येक जण 'तूप वाढवा' सांगून जातो.

माझं शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं, म्हणून वाचत बसले. मॅक्रोफेजसारख्या रोगप्रतिकारक पेशी (आणि ट्यूमर स्वतःही) टीएनएफ, आयएल-६ वगैरे सूज आणणारी रसायनं सोडतात, आणि त्यामुळे स्नायू आपलीच प्रथिनं मोडायला लागतो, इथवर कळलं. 'कॅशेक्टिन' म्हणून शोधलेलं द्रव्य म्हणजेच टीएनएफ, हे तर १९८५ मध्येच लक्षात आलं होतं. मग संधिवातात सर्रास देतात ती टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं इथे का देत नाहीत? शिवाय व्यायाम केला की स्नायूच आयएल-६ सोडतो म्हणे. मग यांना चालवावं की नको?

काढे सुचवणाऱ्यांनी कृपया माफ करावं.

पेशीवाला:
टीएनएफ अडवून पाहिलंय, तेही स्वादुपिंडाच्याच रुग्णांत, इन्फ्लिक्सिमॅब देऊन. स्नायू वाचले नाहीत. एक दार लावलं तरी आयएल-१, आयएल-६, जीडीएफ-१५ यांची दारं उघडीच. त्यातलं जीडीएफ-१५ मेंदूवर काम करून भूक मारतं. ते अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅबने २०२४ मधल्या चाचणीत वजन वाढलं होतं.

आणि मॅक्रोफेज सरसकट शत्रू नाहीत. दुखावलेल्या स्नायूत ते आधी सूज आणतात, मग पालटून दुरुस्तीला लागतात. सगळीच सूज दाबून भागत नाही ते यामुळे. व्यायामातलं आयएल-६ थोड्या वेळात ओसरतं, आजारातलं दिवसरात्र चालू असतं. तेव्हा डॉक्टरांना विचारून चालवाच, झेपेल तेवढी खुर्चीतली उठबसही करू दे.

दोन गोष्टी मात्र नक्की विचारा. शौचाला तेलकट, चिकट होते का? तसं असेल तर स्वादुपिंडाचे एन्झाइम (अन्न पचवणारे पाचक घटक) कमी पडत असतील. मग खाल्लेलं अंगी लागणार कसं? त्यासाठी कॅप्सूल मिळतात. दुसरं म्हणजे ओलान्झापिन, अगदी कमी डोसमध्ये. पुद्दुचेरीच्या जिपमेर या सरकारी वैद्यकीय संस्थेत २.५ मिलिग्रॅमची चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली. केमो घेणाऱ्यांची भूकही वाढली, वजनही. मनोविकाराचं औषध म्हणून दचकू नका, पण मनाने सुरूही करू नका.

धागाकर्ती:
तेलकट होते, हो! फ्लश दोनदा करावा लागतो. आम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं. सोमवारी दाखवायचंय, तेव्हा काढते विषय. कॅप्सूल जेवणाआधी घ्यायची की नंतर?

पेशीवाला:
पहिल्या घासाबरोबर. जेवण लांबलं तर काही मध्येही देतात. डोस डॉक्टरच ठरवतील.