व चा गोल एका बाजूला फुगतोय. ग्रिड बंद करू का?

पाटीवाला_कोल्हापूर: मंडळी, फाँटफोर्ज या फाँट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये भौमितिक देवनागरी काढतोय. यूपीएम १०००, म्हणजे अक्षराच्या चौकटीच्या उंचीचे १००० युनिट. व चा गोल ३९६ व्यासाच्या मध्यरेषेवर काढून ८५ जाडीने एक्स्पांड केला, म्हणजे रेषेला जाडी दिली. राउंड टू इंट केलं, म्हणजे सगळे बिंदू पूर्णांकांच्या ग्रिडवर बसवले, की डावा अर्धा २४० आणि उजवा २४१ होतो. आरसा करून पाहिला की तोच फरक बाजू बदलतो. दोन रात्री गेल्या यात.

दंडवेलांटी: गुन्हेगार ८५ आहे. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४२.५ जातात, म्हणजे बाहेरचा व्यास ४८१ आणि प्रत्येक कड अर्ध्यावर. राउंड करताना सगळे अर्धे एकाच दिशेला ढकलले जातात. जाडी ८४ घ्या: बाहेर ४८०, आत ३१२, सगळं पूर्णांकात. र च्या ४५ अंशांच्या पायाला आडवी रुंदी ११८.८ येईल, ती बिनधास्त ११९ करा. जाडी ८४.१५ भरते, कुणाला दिसणार नाही. काम चालू असताना अपूर्णांक राहू द्या, राउंड शेवटी एकदाच. दर फिरवण्यानंतर केलंत तर चुका साठत जातात.

अक्षरजुळणी: १६ पॉइंटला एक युनिट म्हणजे जेमतेम ०.००६ मिमी, त्यासाठी झोप घालवू नका. शिरोरेषेत मात्र एका युनिटचीही सूट नको. तिची वरची आणि खालची कड प्रत्येक अक्षरात तंतोतंत एकाच उंचीवर हवी, नाहीतर मोठ्या आकारात 'कमल' लिहिलं की पायरी दिसते. शिवाय रेघ अक्षराच्या रुंदीबाहेर थोडी जाऊ द्या. कडेला कड नुसती टेकवली तर स्क्रीनवर मधे केसाएवढी फट दिसते.

पाटीवाला_कोल्हापूर: ८४ केलं, दोन्ही अर्धे २४० आले! मनापासून आभार. शिरोरेषा तपासली, तर भ ची एक युनिट खाली सापडली.

पण आता व छापून पाहिला, तर गोल दंडाला मिळतो तिथे काळा डाग वाटतो, जाडी सगळीकडे ८४ असूनही. माझे वडील पाट्या रंगवायचे. खिळ्याला दोरी बांधून खडूने गोल आखायचे, आणि रंग भरताना दंडाजवळ ब्रश उचलत रेघ बारीक करायचे. लहानपणी वाटायचं, खडूच्या रेघेपर्यंत का भरत नाहीत? आता मीही तेच केलं: आतली कड सरकवून तिथे जाडी ८४ वरून ७० वर आणली. डाग गेला.

दंडवेलांटी: ब आणि क लाही तेच करा. प्रत्येकात किती कमी करायचं ते छापूनच ठरवा.