नाटक-सिनेमाचं स्वतंत्र मासिक काढायचंय, सुरुवात कुठून करावी?

भांडुपची:
नमस्कार मंडळी. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी कॉलेजात एकांकिका करायचो, आयएनटी आणि सवाई या एकांकिका स्पर्धा बघत वाढलो. आता तिघी नोकरी करतो. नाटक, मराठी सिनेमा आणि वेबसिरीज यांवर छापील मासिक काढायचं ठरवतोय, साधारण ६४ पानी. ते कुठल्या चॅनेलचं किंवा निर्मात्याचं नसेल. पहिले तीन-चार अंक निघतील एवढे पैसे साठवलेत. जाहिरातींच्या धंद्यातल्या एका ओळखीच्यांनी सुचवलं की निर्मात्यांना पॅकेज द्या : जाहिरात, मुलाखत आणि परीक्षण एकत्र. आम्हाला ते पटत नाहीये, पण त्यावाचून मासिक चालतं का? नोंदणी कशी करायची? प्रती किती काढायच्या? स्टॉलवर ठेवायचं का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

परळचा छापखाना:
ताई, पॅकेज घेऊ नका. हे आधी सांगतो, कारण बाकी सगळं यावर ठरतं.

मी बरीच वर्षं एका मराठी मासिकाची छपाई आणि वर्गणीची वही, दोन्ही सांभाळली. निर्मात्याने पानाचे पैसे दिले की त्याच्या नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्याचा हात आपोआप आखडतो, कोणी दटावावं लागत नाही. वाचकाला दुसऱ्या-तिसऱ्या अंकात ते कळतं. शिवाजी मंदिरला तिकीट काढून बसणारा माणूस फार चोखंदळ असतो. त्याने एकदा तुमच्या शब्दावर पैसे घालवले आणि नाटक पडेल निघालं, तर तो परत तुमचा अंक घेणार नाही.

जाहिराती घ्याच, पण ज्यांच्यावर तुम्ही लिहीत नाही त्यांच्या : नाटकाचे वर्ग, पुस्तकांची दुकानं, कापडवाले, सहकारी बँका, दादर-पार्ल्यातली खानावळ. रक्कम लहान असते आणि वसुलीला चार फेऱ्या माराव्या लागतात, तरी माराव्यात. निर्मात्याची जाहिरात आलीच तर पानाचा दर सगळ्यांना एकच ठेवा आणि तो अंकात छापा.

खरा आधार वर्गणीदाराचा. आगाऊ वर्षाची वर्गणी हे एकच भांडवल असं आहे की त्यावर व्याज नाही आणि मालकी कोणाची नाही. पण तो पैसा खर्चून बसू नका. बारा अंकांची वर्गणी घेतली म्हणजे बारा अंकांचं देणं झालं. बँकेत वेगळं खातं ठेवा आणि दर महिन्याला त्यातला बारावा हिस्साच काढा. चांगली मासिकं बंद पडताना मी पाहिली आहेत. मजकूर सरस होता, वाचक होते, आणि वर्गणीचे पैसे जानेवारीतच कागदवाल्याला देऊन झाले होते.

स्टॉलबद्दल : वितरक आणि विक्रेता मिळून छापील किमतीचा तिसरा हिस्सा तरी जातो, पैसे अंक विकल्यानंतर येतात आणि न खपलेले अंक कोपरे दुमडून परत येतात. मासिक नवं असताना दादर आणि गिरगावातली मोजकी पुस्तकांची दुकानं धरा. त्यापेक्षा प्रयोगाला जा. यशवंत, दीनानाथ, रवींद्र, बोरिवलीचं प्रबोधनकार, ठाण्याचं गडकरी. व्यवस्थापकाची परवानगी काढून मध्यंतरात टेबल मांडा. बटाटेवड्याच्या रांगेत उभा असलेला प्रेक्षक अंक चाळतो आणि आवडला तर वर्गणी तिथेच भरतो. तुमचा वाचक तिथे आयता एका छपराखाली जमलेला असतो.

छपाई : ६४ पानं म्हणजे सोळाचे चार फर्मे (फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं). रंगीत फोटो सगळे एकाच फर्म्यात बसवा. चार रंगांच्या फर्म्याला दोन्ही बाजू मिळून आठ प्लेटा लागतात, एकरंगीला दोन. फोटो सगळीकडे विखुरलेत तर खर्च हाताबाहेर जातो. ए-४ आकार आणि ७० जीएसएमचा मॅपलिथो कागद घेतलात तर मुखपृष्ठासकट अंक दीडशे ग्रॅमच्या पुढे जातो आणि टपालाला जड पडतो. आकार थोडा लहान करा. नाटकाचा अंक हातात मावेल असा असावा, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या वेळी पाचशे प्रती पुष्कळ झाल्या. प्लेटांचा फाइल-संच जपून ठेवा, मागणी आली तर पुन्हा छापता येतं.

नोंदणीचं इथे कोणी जाणकार सांगेलच.

आता मजकुराबद्दल थोडं. शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचं परीक्षण दुपारपर्यंत यूट्यूबवर येतं, त्या शर्यतीत मासिकाने उतरू नये. महिन्याने वाचलं तरी शिळं होणार नाही ते द्या. प्रकाशयोजनाकार दौऱ्यावर छोट्या रंगमंचाला दिवे कसे बसवतो? नेपथ्याचा ट्रक रात्री किती वाजता सुटतो, सकाळी कणकवलीत तो सेट कोण उभा करतो? ही माणसं आपल्या रंगभूमीचा कणा आहेत आणि त्यांची नावं जाहिरातीत बारीक टाइपात येतात, कधी येतच नाहीत. प्रत्येक अंकात त्या महिन्यात आलेल्या नव्या नाटकांची पूर्ण श्रेयनामावली छापा, रंगभूषा आणि कपडेपटासकट. तेवढ्यासाठी लोक अंक जपून ठेवतील. ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हाच्या मुंबईच्या करमणुकीबद्दल आज जे कळतं ते अशा मासिकांच्या पानांतून. आणि वाचकांच्या पत्रांना जागा द्या. १९३५ पासून मुंबईत निघालेल्या बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ या सिनेमासिकात लोक आधी प्रश्नोत्तरं उघडायचे.

नोंदणीवाला:
वरच्या प्रतिसादाला जोडून. १८६७चा जुना कायदा गेला. १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू आहे. शीर्षक आणि नोंदणी, दोन्हींचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच होतो. मराठीत देशभरात कुठेही, किंवा महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्याही भाषेत, तुमच्यासारखं नाव आधी कोणाचं असेल तर ते मिळत नाही. त्यामुळे मुखपृष्ठाचं बोधचिन्ह करायला देण्याआधी नाव पक्कं होऊ द्या. दरवर्षी वार्षिक विवरणपत्र भरावं लागतं, ते चुकवू नका. मासिकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, छापील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के आहे. वेबसाइटवरच्या जाहिरातीला १८.

तिसरी रांग:
मी परीक्षणं लिहिते, त्यामुळे एवढंच. तिकिटाचे पैसे मासिकाने द्यावेत. पास घेतलाच तर परीक्षणाखाली तसं लिहा. आणि शुभारंभाच्या प्रयोगावर निकाल देऊ नका. पहिल्या दहा प्रयोगांत नाटक बरंच बदलतं, प्रवेश कापले जातात, लय सापडते. मासिकाला वेळ आहे, तर दोनदा बघा आणि कितवा प्रयोग पाहिला ते छापा. ज्याने वर्षभर तालमी केल्या त्याच्याशी एवढं प्रामाणिक राहायलाच हवं.

फोटो : प्रयोगाच्या फोटोचा हक्क फोटोग्राफरचा असू शकतो. निर्मात्याने व्हॉट्सअॅपवर पाठवला म्हणून तो तुमचा होत नाही. लेखी परवानगी, नाव आणि मानधन.

भांडुपची:
सगळ्यांचे मनापासून आभार. पॅकेजला नाही म्हणायचं तिघींनी आज पक्कं केलं. छापखानेकाका, एक विचारू का? सुरुवातीला दोन महिन्यांनी एक अंक काढला तर? नोकरी सांभाळून दरमहा झेपेल असं वाटत नाही.

परळचा छापखाना:
जरूर काढा. फक्त टपालाची नियतकालिकांची सवलत परंपरेने ३१ दिवसांच्या आत निघणाऱ्या अंकांना मिळत आली आहे, तेव्हा द्वैमासिकाचा टपालखर्च पूर्ण धरून वर्गणी ठरवा आणि आताचे नियम तुमच्या विभागाच्या डाकघरात विचारून घ्या. नोंदणीच्या अर्जातही द्वैमासिक असंच लिहा. तारीख मात्र बांधून घ्या, समजा विषम महिन्याची ५. डीटीपीवाल्याला मजकूर युनिकोडमध्येच ठेवायला सांगा. जुन्या फॉन्टात केलेला मजकूर वेबसाइटवर चढवताना जोडाक्षरं तुटतात आणि सगळं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. पहिल्या अंकाची डमी झाली की घेऊन या, कागद मी बघून देतो.