व्हेनिसला दोन दिवस, राहायचं कुठे?

नोव्हेंबरमध्ये आईबाबांना घेऊन चाललोय. बाबांचे गुडघे दुखतात आणि तिकडे म्हणे टॅक्सी वगैरे काहीच नाही, मग बॅगा घेऊन कसं करायचं? मेस्त्रेला (व्हेनिसच्या अलीकडे, जमिनीवरचा भाग) हॉटेल स्वस्त पडतंय, घेऊ का?

– घे की. ट्रेनने दहाएक मिनिटांत सांता लुचिया स्टेशन, बाहेर पडलं की समोर ग्रँड कॅनालच. पुलांना पायऱ्या असतात बरं का, त्यामुळे काकांना १ नंबरच्या व्हापोरेत्तोत (पाण्यातली बस) बसव, सान मार्कोपर्यंत (तिथला मुख्य चौक) सगळे राजवाडे बसल्या बसल्या दिसतात

– गोंडोला अर्ध्या तासाला ९० युरो!! माणशी नाही, अख्ख्या बोटीचे, तरी पण... आम्ही त्राघेत्तोने (पलीकडे सोडणारी होडी) दोन युरोत कॅनाल ओलांडला, तीपण गोंडोलाच, हौस फिटली 😄

– नोव्हेंबरात भरतीचं पाणी चौकात येतं. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी पाणी अडवणारे दरवाजे उचलतात म्हणून बरंय, तरी चपला नकोत.