मदत हवी आहे: चिप बसवलेल्या बिटकॉइन-नाण्याची नक्कल कशी रोखायची?

नमस्कार मंडळी,

आमचा पदकं आणि स्मृतिनाणी पाडायचा छोटा कारखाना आहे. ठसे, प्रेस, मुलामा हे रोजचं काम. इलेक्ट्रॉनिक्स मी बघतो, तेही गरजेपुरतं. युरोपातल्या एका ग्राहकाला चांदीचं, आत एनएफसी चिप (फोन अगदी जवळ आणला की रेडिओने त्याच्याशी बोलणारी) असलेलं बिटकॉइनचं नाणं हवंय. फोन टेकवला की नाणं खरं की खोटं ते कळावं आणि चिपमधल्या खाजगी किल्लीवर (म्हणजे बिटकॉइन खर्च करायला लागणारा गुप्त आकडा) खरोखरचे बिटकॉइन ठेवता यावेत. मागणीपत्रात एक ओळ आहे, "नक्कल अशक्य असावी". लिहायला काय जातं!

आधी काय काय बघून झालंय ते सांगतो, म्हणजे तेच सल्ले परत नकोत.

अमेरिकेत माइक काल्डवेल यांनी 2011 पासून कॅसेशियस नावाची बिटकॉइन-नाणी काढली, त्यात चिप नव्हतीच. किल्ली आत छापलेली आणि वर होलोग्रामचा स्टिकर. सगळी मदार त्या स्टिकरवर, आणि सुईने द्रावक सोडून तो अलगद उचलता येतो हे पुढे लोकांनी करून दाखवलं. शिवाय किल्ल्या बनवणाराच त्या आधी बघू शकतो, म्हणजे त्याच्या सचोटीवर भरवसा ठेवणं आलं.

साधी एनटॅग 213 चिप बाद. तिच्यातला मजकूर कोणीही दुसऱ्या चिपवर उतरवेल आणि क्रमांक बदलता येणाऱ्या चिपाही बाजारात मिळतात. एनटॅग 424 डीएनए बरीच बरी: दर वेळी टेकवली की आतली मोजणी वाढते, एईएस-128 ही कूटपद्धत वापरून नवा कोड बनतो, जुना परत चालत नाही. पण तो तपासायची किल्ली आमच्या सर्व्हरवर. उद्या आम्ही शटर ओढलं की नाणं मुकं. बिटकॉइनच्या व्यवहारावर सही करणं तर तिला जमतच नाही.

म्हणून सॅट्सकार्ड आणि सॅटोडाइम या बिटकॉइन ठेवायच्या चिप-कार्डांच्या वाटेने जायचं ठरवलंय. किल्ली चिपच्या आतच जन्मते. फोन एक यादृच्छिक आकडा पाठवतो, चिप त्यावर सही करून देते आणि त्या चिपला उत्पादकाचं प्रमाणपत्र आहे का हे फोन तपासतो. सॅट्सकार्डमध्ये किल्ली बनताना ग्राहकाकडचा आकडाही मिसळतात, त्यामुळे बनवणाऱ्यालाही ती आधी ठाऊक नसते. हे मला फार आवडलं.

घोडं पेंड खातंय ते पुढे. या सगळ्यातून चिप खरी असल्याचं कळतं, नाण्याबद्दल काहीच नाही. कोणी आमचं एक नाणं घेतलं, चिप काढून मुलामा दिलेल्या पितळेत बसवली, तर फोन हिरवी खूणच दाखवणार. चिप धातूला जखडायची कशी? इपॉक्सी तापवली की मऊ पडते. अँटेना फाटेल अशी बसवली तर नवी अँटेना जोडता येते, चिप शाबूतच. त्यात चांदीच्या आड फोन आणि चिपमधली 13.56 मेगाहर्ट्झची लहर मरते, म्हणून मधे खिडकी आणि फेराइटचा (एक चुंबकीय पदार्थ) पातळ थर द्यावाच लागतो. म्हणजे चिपकडे जायचा रस्ता आम्हीच मोकळा ठेवतोय. 424 चीच टॅगटॅम्पर नावाची आवृत्ती आहे, तारेचा फास तुटला की कायमची नोंद करणारी. ती दुसरी चिप म्हणून सोबत घालावी का? कोणी वापरलीय?

प्रतिसाद १

टॅगटॅम्परवर विसंबू नका. त्या चिपला बॅटरी नसते. फोनच्या क्षेत्रात आली की जागी होते आणि फास तेव्हाच तपासते. चोराने फोन जवळ न आणता फास तोडला, दुसरीकडे नेऊन जोडला आणि मग टेकवला, तर तिला काही कळलेलंच नसतं.

धातूची ओळख चिपला करून देता येत नाही, पण दोघांची ओळख एका सहीखाली आणता येते. चिपवर पारदर्शक रेझिन ओता आणि त्यात चमकीचे कण मिसळा. कण कसे पडतील हे तुमच्याही हातात नसतं. खिडकीभोवतीच्या धातूवर बारीक ओरखडे ठेवा आणि कण व ओरखडे एकाच चौकटीत येतील असा जवळून फोटो घ्या. तो फोटो, नाण्याचं नेमकं वजन आणि चिपची सार्वजनिक किल्ली (खाजगी किल्लीची उघड जोडीदार), तिन्हींवर मिळून तुमची सही. तपासणाऱ्याच्या फोनवर तो फोटो दिसला पाहिजे. खोबण तोंडाशी अरुंद, आत रुंद कापा, म्हणजे रेझिन अखंड निघणार नाही. वजनकाट्याला कमी लेखू नका: चांदीची घनता 10.49, पितळेची साडेआठच्या आसपास.

प्रतिसाद २

वरचं पटलं, पण एक भोक राहतंच. खोट्या नाण्यातली चिप फोनचा प्रश्न रेडिओने दूरच्या खऱ्या नाण्याकडे पाठवून उत्तर आणू शकते. उत्तराला लागणारा वेळ मोजून थोडा आळा बसतो, साध्या फोनवर फारसा नाही. तेव्हा ग्राहकाला स्पष्ट लिहून द्या: संग्रहासाठी घेताना फोटो जुळवा, पण आतल्या रकमेसाठी घेत असाल तर जागेवर किल्ली उघडून रक्कम स्वतःच्या पत्त्यावर वळवा आणि व्यवहार पक्का होईपर्यंत पैसे देऊ नका.

आणि नाणी रिकामीच पाठवा. 2013 मध्ये फिनसेनने (अमेरिकी अर्थखात्याचा आर्थिक गुन्हे विभाग) काल्डवेल यांना पत्र धाडल्यावर त्यांनी बिटकॉइन भरलेली नाणी विकणं थांबवलं. आपल्याकडे 2011 चा नाणे कायदाही आहे, पैसा म्हणून वापरायचे धातूचे तुकडे बनवायला मनाई करणारा. "चलन" हा शब्द नाण्यावर तर नकोच, पण बिलावरही नको. ऑर्डर घेण्याआधी वकिलाला दाखवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. टॅगटॅम्पर बाद, चमकीचं रेझिन नक्की. रिकामी नाणी पाठवायची हे ग्राहकाला आजच कळवतो, वकिलाकडेही जातो.

आता एवढंच सांगा: आमच्याकडचं रेझिन उजेडात पिवळं पडतं, मग काही वर्षांनी फोटो जुळणार कसा? न पिवळणारं, चांदीला घट्ट धरणारं रेझिन कोणी वापरलंय का? दागिन्यांवर मिनाकाम करणारं कोणी इथे असेल तर जरूर लिहा.