बसमध्ये छेडछाड दिसली तर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं?

निगडीकर: संध्याकाळच्या गर्दीत निगडी–स्वारगेट बसमध्ये मुलींच्या अंगचटीला येणारे दिसतात, आणि सगळे खिडकीबाहेर बघतात. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात येरवड्याला एका कंपनीच्या पार्किंगमध्ये तरुणीवर वार होत होते, तेव्हाही माणसं लांबून बघत राहिली. याच शहरात 27 जून 2023 ला सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं कोयता घेतलेल्या हल्लेखोरावर धावून गेली आणि मुलगी वाचली. मध्ये पडायला हवं, हे पटतं. पण पडायचं म्हणजे नेमकं काय? समोर लहान मूल असेल तर?

मीरा_कोथरूड: आधी तिच्याकडे जा, त्याच्याकडे नाही. "ताई, इकडे या, इथे जागा आहे," एवढं मोठ्याने म्हणा आणि दोघांच्या मध्ये उभे राहा. बहुतेक वेळा तिथेच त्याचा हात मागे जातो. मग तिला हळू विचारा, "कंडक्टरला सांगू का? पोलीस हवेत का?" ती म्हणेल तसं करा. न विचारता आरडाओरडा केला की सगळी बस तिच्याकडे बघायला लागते आणि ती पुढच्या स्टॉपला उतरून जाते. तक्रार तिथेच संपते.

पोलीस हवे असतील तर 112 लावा आणि आधी जागा सांगा: कुठला स्टॉप गेला, बस कुठल्या दिशेने चालली आहे, नंबरप्लेट काय. घटना त्यानंतर. फोन मध्येच तुटला तरी गाडी कुठे पाठवायची ते त्यांना कळलेलं असतं. ड्रायव्हरला बस चौकीसमोर थांबवायला सांगा. मधल्या स्टॉपला दार उघडलं की तो पळालाच म्हणून समजा.

आणि कृपा करून त्याला मारू नका. चार जण हात साफ करून निघून जातात, तो उलटी तक्रार देतो, आणि चौकीत ती एकटी बसते. तिला साक्षीदार हवा असतो. तिच्याबरोबर चौकीपर्यंत जा, नाव-नंबर द्या. खरं धाडस तिथे लागतं.

जुना_बाजार: हत्यार असेल तर वरचं सगळं बाजूला. एकट्याने, रिकाम्या हाताने समोरून जाऊ नका. हेल्मेट, दप्तर, प्लास्टिकची खुर्ची, जे हाताला लागेल ते पुढे धरा. एकाने ओरडून त्याचं लक्ष वेधायचं, दुसऱ्याने तिला जवळच्या दुकानात ढकलून शटर ओढायचं. माणूस पकडण्यापेक्षा अंतर वाढवणं महत्त्वाचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून ठेवा, सारखं उचलून बघू नका. रुतलेला सुरा उपसू नका, उपसला की रक्तस्राव वाढतो. 108 ला (अॅम्ब्युलन्स) फोन दुसऱ्याला करायला सांगा, आणि "कुणीतरी करा" न म्हणता बोट दाखवून सांगा: "निळा शर्ट, तुम्ही करा."

निगडीकर: हद्दीचं काय? पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मधला हॅरिस पूल ओलांडला की पोलीस आयुक्तालय बदलतं.

वकील_शिवाजीनगर: म्हणूनच झिरो एफआयआर आहे. 2018 पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, मग ते ठाणे ती पुढे पाठवतं. अंगाला हात लावणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम 74, अश्लील शेरे किंवा हावभाव कलम 79. दोन्ही दखलपात्र. तेव्हा एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून बोळवण होऊ देऊ नका. तिचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. नकार दिला तर पोलीस उपायुक्तांना लेखी, पोस्टाने कळवा.

व्हिडिओ काढला असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. कापू नका. व्हॉट्सअॅपवरून पाठवली की ती दाबली जाते, तारीख-वेळेचा तपशीलही निघून जातो. न्यायालयात साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यात ज्या फोनवर काढला त्याचा तपशील येतो. ग्रुपवर तर टाकूच नका, चेहरा तिचाही दिसतो.

मीरा_कोथरूड: आता मुलांबद्दल. अठरा वर्षांखालचं कुणीही, मुलगाही. 1098 (चाइल्डलाइन) किंवा 112. लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळवणं हा पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम 21 खाली गुन्हा आहे, त्यामुळे "सोसायटीत मिटवू" हा मार्गच नाही. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, वेळ घालून लिहून ठेवा. "काकांनी इथे हात लावला का?" असं विचारू नका, उत्तर तुमच्याच तोंडचं होतं आणि बचाव पक्ष नेमका तिथे बोट ठेवतो. "मग काय झालं?" पुरे, तेही एकदाच. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट होऊन पुरावा खराब होतो. तपासणी जितकी लवकर तितकी बरी.

जबाबासाठी मुलाला ठाण्यात न्यायची गरज नाही. पोलीस घरी येऊ शकतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशात नाही. हे फोनवरच मागून घ्या.